ओघ आणि अन्वय

संस्कृतातील एका जुन्या सुभाषिताने माणसांची गणती मांडून ठेवली आहे. शंभरांत एखादा शूर निपजतो, हजारांत एखादा पंडित, दहा हजारांत एखादा वक्ता. आणि दाता तर असेल किंवा नसेलही. व्याख्यानमालेत पाहुण्यांचा परिचय करून देताना आपल्याकडे हे सुभाषित हटकून आठवले जाते आणि वक्ता हा पंडिताहून दसपट दुर्मिळ, एवढाच बोध घेऊन व्यासपीठ व सभागृह दोन्ही प्रसन्न होतात. परंतु या गणतीतील दुसऱ्या एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पंडित आणि वक्ता यांची नोंद सुभाषितकाराने दोन निरनिराळ्या रकान्यांत केली आहे. एका रकान्यातला माणूस दुसऱ्यात असायलाच हवा, असे त्याने कुठेही सुचवलेले नाही. हा भेद त्या अनाम कवीला दिसला. आपण मात्र राजकारणाचा विषय निघाला की तो साफ विसरतो. पुढारी बोलताना अडखळला, वाक्य अर्धवट टाकून पुढे गेला, कागदात डोके घालून वाचू लागला, की सभेतून उठता उठताच आपला निकाल तयार असतो : याच्या डोक्यात काही नाही.

आज तर हा निकाल द्यायला सभेला जाण्याचेही कारण उरलेले नाही. तासभराच्या भाषणातली नेमकी अडखळण्याची दहा-पंधरा सेकंदे कोणीतरी कापून काढतो आणि ती फीत संध्याकाळपर्यंत गावोगाव मोबाईलवर फिरते. लोक हसतात. हसू नये असे कोण म्हणेल? पण त्या हसण्याच्या पोटात एक अनुमान दडलेले असते. जिभेला जे साधले नाही ते बुद्धीतही नसणार, हे ते अनुमान. मत देताना, उमेदवारी देताना, ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत माणूस निवडताना हेच अनुमान आपल्याही नकळत काम करीत असते. म्हणून ते कितपत टिकते, हे एकदा नीट तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या अनुमानाच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही, असे समजण्याचे कारण नाही. विचार स्वच्छ असेल तर शब्दही स्वच्छ येतात, हे मत साहित्यशास्त्राइतकेच जुने आहे आणि त्यात तथ्य आहे. ज्याला स्वतःलाच काय म्हणायचे ते उमगलेले नाही, त्याचे बोलणे गोंधळाचे होते. हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला उत्तरपत्रिका तपासताना येतो. शिवाय लोकशाहीत पुढाऱ्याचे निम्मे काम बोलण्याचेच आहे. लोकांना पटवून द्यायचे, विरोधकाला उत्तर द्यायचे, संकटात धीर द्यायचा, हे सारे शब्दांनीच होते. मग ज्याला बोलता येत नाही तो पुढारी आपल्या धंद्यातच कच्चा, असे कोणी म्हटले तर त्याला एकदम खोडून काढता येणार नाही.

तथापि या युक्तिवादात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. ज्याला आपण सरसकट ‘चांगले बोलणे’ म्हणतो, त्याचे दोन घटक असतात. एक ओघ. शब्द न अडता येत राहणे, आवाजाचा चढउतार, नेमक्या जागी घेतलेला विराम, कोटी, अलंकार, श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे पाहून सूर बदलण्याची हातोटी, हे सर्व ओघात येते. दुसरा घटक अन्वय. संस्कृत शिकताना श्लोकातले विखुरलेले शब्द आपण अर्थाच्या क्रमाने लावीत असू. त्याला अन्वय म्हणत. बोलण्यातही असा एक अन्वय असतो. आधी काय, मग काय, कशामुळे काय आणि म्हणून काय, याची ती जुळणी. ओघ हा कंठाचा, सवयीचा, धिटाईचा आणि बऱ्याच अंशी बालपणी कानांवर पडलेल्या भाषेचा गुण आहे. अन्वय हा बुद्धीचा गुण आहे. स्वच्छ विचारातून स्वच्छ शब्द येतात, हे वचन अन्वयाच्या बाबतीत खरे आहे. ओघाला ते लागू करणे हीच गल्लत. तोतरेपणाचा बुद्धीशी संबंध नाही, ही गोष्ट तर वैद्यकशास्त्राने केव्हाच निर्विवाद ठरवलेली आहे. सभाधीटपणाच्या अभावाचाही तो नाही.

बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. आम्ही कोकणातली माणसे हुलग्यांना कुळीथ म्हणतो आणि कुळथाच्या पिठीवरच वाढलेलो असल्याने कुळथाला नावे ठेवण्याचे पाप करणार नाही. पण म्हणीचा मुद्दा धान्याच्या प्रतवारीचा नाही, बाजाराचा आहे. बोलण्याने माल खपतो, एवढेच ती सांगते. बोलण्याने कुळथाचे गहू होतात, असे ती म्हणत नाही. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याने ‘गॉर्गियस’ या संवादात सॉक्रेटिसाच्या तोंडून वक्तृत्वाला पाककलेच्या पंक्तीला बसवले, त्यातही हीच तक्रार आहे. स्वयंपाकी जिभेला रुचेल ते वाढतो, पथ्य सांगणे हे वैद्याचे काम. प्लेटोचा निवाडा जरा कडकच म्हणावा लागेल. पण रुची आणि पथ्य या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या, तेवढ्यापुरता तो मान्य करायला हरकत नाही.

आता हा भेद प्रत्यक्षात कसा दिसतो, ते पाहायला रत्नागिरीकराला फार लांब जावे लागत नाही. येथल्या टिळक आळीत ज्यांचे जन्मघर आहे, त्या लोकमान्यांचेच उदाहरण घेऊ. १८५६ साली जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांच्या बुद्धीविषयी त्यांच्या शत्रूंनीही शंका घेतली नाही. ‘ओरायन’, ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ आणि मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ ज्याने राजकारणाच्या धबडग्यात लिहिले, त्याच्या बुद्धीला वेगळे प्रशस्तिपत्र नको. परंतु टिळक हे रूढ अर्थाने वक्ते नव्हते, ही गोष्ट त्यांच्या समकालीनांनी वारंवार नोंदवून ठेवली आहे. त्यांच्या भाषणांत अलंकारांची हौस नाही, श्रोत्यांना हलवून सोडणारे आरोह-अवरोह नाहीत. त्याच काळात ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांच्या वक्रोक्तीची मोहिनी अवघ्या महाराष्ट्रावर होती, आणि बंगालमध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या इंग्रजी वक्तृत्वाचा दबदबा होता. केवळ सभेतल्या टाळ्या मोजून पुढारीपण ठरवायचे असते, तर टिळकांचा क्रमांक पहिला लागला असता असे वाटत नाही. तरीही ‘लोकमान्य’ ही पदवी लोकांनी त्यांनाच दिली.

१९०८ च्या खटल्यात टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. मुंबई उच्च न्यायालयात ते एकूण २१ तास १० मिनिटे बोलले. हे भाषण आज वाचायला घेणाऱ्याला प्रथम कंटाळाच येईल. त्यात कायद्याची कलमे आहेत, पूर्वीच्या खटल्यांचे दाखले आहेत, ‘केसरी’तील मराठी शब्दांची सरकारी भाषांतरे कशी चुकली आहेत याची चिकट चिकित्सा आहे. कुठे थांबून ज्यूरीच्या हृदयाला हात घालावा, असा मोह त्यांना फारसा झालेला दिसत नाही. निकाल विरुद्ध गेला. ज्यूरीतल्या सात युरोपियनांनी दोषी म्हटले, दोघा पारशी सभासदांनी निर्दोष. आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. २१ तासांच्या युक्तिवादाने ज्यूरी जिंकली नाही, हे खरे. पण शिक्षेपूर्वी काही बोलायचे आहे काय, असे विचारल्यावर त्यांनी जी दोन-तीन वाक्ये उच्चारली, ती पुढे त्याच न्यायालयाच्या इमारतीत संगमरवरावर कोरली गेली. त्या वाक्यांतही अलंकार नाही. ज्या माणसाने आठ दिवस एकेक शब्द तोलला होता, त्यालाच त्या क्षणी इतके कमी शब्द पुरले.

याहून नेमकी परीक्षा १९१६ साली झाली. स्वराज्याच्या प्रचारासाठी टिळकांनी त्या वर्षी बेळगावला एक आणि अहमदनगरला दोन अशी भाषणे केली. पोलिसांनी ती टिपून घेतली आणि त्यांच्या आधारावर सरकारने त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीन, असा दंडाधिकाऱ्याचा हुकूम झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. टिळकांची बाजू बॅरिस्टर जिना यांनी मांडली. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांच्यापुढे आता काय होते? मराठीत झालेल्या भाषणांची इंग्रजी भाषांतरे. वक्त्याचा आवाज नव्हता, गर्दी नव्हती, टाळ्या नव्हत्या, मूळ भाषाही नव्हती. ओघ म्हणून जे काही असते ते सगळे गळून गेले होते. उरला होता तो अन्वय. राजसत्ता वेगळी आणि तिच्या नावाने कारभार करणारी नोकरशाही वेगळी. देव तोच ठेवून पुजारी बदला एवढेच आमचे मागणे आहे, अशी त्या भाषणांची मांडणी होती. सुटी वाक्ये उपटून न काढता भाषणे साकल्याने वाचली पाहिजेत, अशी भूमिका न्यायमूर्तींनी घेतली आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी दंडाधिकाऱ्याचा हुकूम रद्द झाला. परक्या भाषेत, परक्या न्यायाधीशासमोर, छापील कागदावरही जो युक्तिवाद आपल्या पायांवर उभा राहिला, त्याच्यामागच्या बुद्धीचे माप यापेक्षा चांगले कोणते मिळणार?

ही कागदाची कसोटी टिळकांपुरती नाही. टिळकांनंतर दहा वर्षांनी, १८६६ साली, याच जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात कोतळूक येथे जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले हे टिळकांचे राजकीय प्रतिस्पर्धी. स्वभाव, मार्ग, भाषा सगळेच निराळे. गोखल्यांचे क्षेत्र जाहीर सभेचे मैदान नव्हते. ते कायदेमंडळात, इंग्रजीत, पूर्ण तयारीनिशी बोलत. २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर केलेले भाषण पाहा. तिजोरीत शिल्लक पडते आहे, अर्थी प्रजा सुखात आहे, असा सरकारचा दावा होता. गोखल्यांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवून दाखवले की ही शिल्लक म्हणजे दुष्काळाने गांजलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त वसूल केलेला कर आहे. मिठावरचा कर त्यांनी विशेष करून पुढे आणला. तो कर मणाला अडीच रुपये होता. पुढे टप्प्याटप्प्याने उतरत १९०७ साली एक रुपयावर आला. हे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण प्रश्न कुठे आहे हे त्यांनी नेमके दाखवले होते. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती, आणि तीही स्थानिक संस्थांची तयारी असेल तर, एवढीच त्यांची माफक मागणी. १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. त्या दिवशी सभागृहात जिंकले ते सरकार. पण २००२ साली शिक्षणाचा हक्क राज्यघटनेत आला, २००९ साली त्याचा कायदा झाला. गोखल्यांच्या युक्तिवादाला उत्तर देणारे कोण होते, हे आता शोधून काढावे लागते.

एवढे वाचून कोणी असा ग्रह करून घेईल, की उत्तम बोलणारा तो उथळ आणि अडखळणारा तो खोल. हा ग्रह पहिल्या ग्रहाइतकाच खोटा आहे, आणि त्याला उत्तर द्यायलाही कोकणाबाहेर जाण्याची गरज नाही. सिंधुदुर्ग वेगळा होण्यापूर्वीच्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्याने बॅरिस्टर नाथ पै पाहिले आहेत. वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्मलेले नाथ पै राजापूर मतदारसंघातून १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत लोकसभेवर गेले. त्यांच्या वाणीची आठवण जुनी माणसे आजही काढतात. पण त्या वाणीबरोबरच त्यांनी मागे ठेवलेली एक गोष्ट अगदी कोरडी आहे. १९६७ च्या फेब्रुवारीत गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की मूलभूत हक्कांना बाध आणणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्याच वर्षी नाथ पैंनी संसदेचा दुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारे खाजगी विधेयक मांडले. ते त्यांच्या हयातीत संमत झाले नाही. १८ जानेवारी १९७१ रोजी ते वारले आणि त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने तो अधिकार संसदेला परत मिळाला. त्या अधिकाराची मर्यादा पुढे १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात ठरली. नाथ पैंचे म्हणणे बरोबर होते की नव्हते, यावर कायदेपंडितांत दुमत असू शकेल. परंतु देशाला पुढची सहा वर्षे ज्या प्रश्नाने ग्रासले, तो प्रश्न त्यांनी अचूक ओळखून थोडक्या कलमांत बांधला होता. म्हणजे नाथ पैंकडे ओघही होता आणि अन्वयही. एका गुणाने दुसऱ्याला हाकलून दिले नाही.

निष्कर्ष असा, की ओघ असणे किंवा नसणे यावरून बुद्धीविषयी काहीच ठरत नाही. जगाच्या इतिहासातली उदाहरणे हेच सांगतात. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्याने लिहिला त्या जेफर्सनचे १८०१ सालचे अध्यक्षपदाचे पहिले भाषण इतक्या हळू आवाजात झाले, की समोरच्यांपैकी थोड्यांनाच ते ऐकू गेले. काँग्रेसपुढे स्वतः उभे राहून भाषण करण्याऐवजी लेखी निवेदन पाठवण्याची प्रथाही त्याने पाडली आणि ती १९१३ पर्यंत टिकली. मितभाषी ॲटली हे १९४५ साली चर्चिलसारख्या शब्दसम्राटाला हरवून पंतप्रधान झाले; हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा कायदा त्यांच्याच सरकारने केला. आणि मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिल्यावर ज्यांच्या तोंडून शब्द फुटेना, जे तीस रुपये फी परत करून बाहेर पडले, त्या तरुण बॅरिस्टर गांधींनी पुढे याच गोखल्यांना आपले राजकीय गुरू मानले. गांधींचा आवाज शेवटपर्यंत बारीकच राहिला. संकोचाने आपल्याला शब्दांची काटकसर शिकवली, अशी त्यांची स्वतःची नोंद आहे.

इथपर्यंतची चर्चा थोर माणसांची झाली. त्यांची बुद्धी सिद्ध झालेली असल्याने त्यांचे अडखळणे आपण कौतुकाने सांगतो. खरा अन्याय होतो तो ज्यांची बुद्धी अजून सिद्ध व्हायची आहे त्यांच्यावर. आणि महाराष्ट्रात त्या अन्यायाला भाषेचा, जातीचा आणि शाळेचा वास असतो. ज्याला आपण ‘चांगले वक्तृत्व’ म्हणतो ते बहुतेक वेळा पुस्तकी, प्रमाण मराठीतले वक्तृत्व असते. ज्याच्या घरी ती भाषा बोलली जाते, त्याला व्यासपीठावर चढण्यापूर्वीच निम्मी पायरी मिळालेली असते. संगमेश्वरी बोलणारा किंवा मालवणीत विचार करणारा माणूस ध्वनिक्षेपकासमोर आला की आपले बोलणे टाकून दुसऱ्याचे बोलणे बोलू लागतो, आणि तिथेच त्याचा पाय अडकतो. आम्ही त्याचे अडकणे पाहतो. त्याने आपली भाषा बाहेर चपलांपाशी काढून ठेवली आहे, हे आम्हांला दिसत नाही. तोच माणूस गावकीच्या बैठकीत पाहावा. शिमग्यात पालखीच्या मानावरून वाद पेटलेला असतो. दोन वाड्यांची जुनी अढी, मानकऱ्यांचे रुसवे, कोर्टात गेलेली प्रकरणे, सगळे त्याच्या डोक्यात असते. कोणाला आधी बोलू द्यायचे, कोणता मुद्दा उद्यावर ढकलायचा, कोणाच्या तोंडून तोडगा वदवायचा, हे त्याला अचूक कळते. राजकीय बुद्धी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

वसंतदादा पाटील यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांचे शालेय शिक्षण बेताचे. भाषण साधे, तुटक, गावरान वळणाचे. वक्तृत्वाच्या नमुन्यांत त्याची गणना कोणी केली नाही. पण १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेला हा माणूस सहकाराच्या क्षेत्रात आणि नंतर मुख्यमंत्रिपदावर माणसे व आकडे दोन्ही ओळखून वागला. १९८३ साली त्यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. या निर्णयाने शिक्षणाचा बाजार झाला, अशी टीका आहे आणि ती गंभीरपणे घ्यावी अशी आहे. परंतु टीकाकारांनाही हे मान्य करावे लागेल, की महाराष्ट्रातल्या मुलांना अभियंता होण्यासाठी परराज्यांत का जावे लागते, हा प्रश्न त्या कमी शिकलेल्या माणसाने विचारला होता. त्याच्या निर्णयाचे बरेवाईट तपासा. त्याच्या उच्चारांवरून त्याचे डोके तपासू नका.

येथे एक गोष्ट पुढाऱ्यांच्या पदरातही घातली पाहिजे, नाहीतर हे सारे विवेचन अबोल पुढाऱ्यांची वकिली ठरेल. ओघ नसणे हा दोष नव्हे, पण कारण न सांगणे हा दोष आहे. पी. व्ही. नरसिंह राव रामटेकचे खासदार होते. मराठी इतके जाणत, की हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. पंतप्रधान म्हणून ते आणि त्यांचे अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग, दोघेही मंद आवाजाचे, मोजके बोलणारे. तरीही २४ जुलै १९९१ च्या अंदाजपत्रकी भाषणात मनमोहन सिंगांनी देशाची तिजोरी कुठे आली आहे, कोणते उपाय योजायचे आणि का, हे ओळीने सांगितले. त्या धोरणाशी मतभेद असणाऱ्यालाही नेमके कशाशी मतभेद आहे ते त्या भाषणावरून कळत होते. उलट ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत मशीद पडत असताना आणि त्यापूर्वीच्या दिवसांत राव यांनी जे मौन धरले, त्याला त्यांच्या विद्वत्तेची सबब पुरली नाही. अनेक भाषा येणारा माणूस त्या वेळी हव्या त्या एका भाषेत बोलला नाही, ही तक्रार त्यांच्या बुद्धीविषयी नव्हती, कर्तव्याविषयी होती. म्हणजे न बोलण्याची कारणेही वेगवेगळी असतात. कोणाला बोलता येत नाही, कोणी विचारच केलेला नसतो, आणि कोणाला बोलायचे नसते. पहिल्याला सांभाळून घ्यावे, दुसऱ्याला घरी पाठवावे, तिसऱ्याला मात्र सोडू नये.

हे तिघे ओळखायचे कसे? त्याला दिव्यदृष्टी नको. भाषण संपल्यावर एक साधा प्रश्न विचारावा आणि उत्तर प्रश्नाचे येते की दुसऱ्याच कशाचे, ते पाहावे. विरोधकाचा सगळ्यात बळकट मुद्दा त्याला ठाऊक आहे का, हे पाहावे. कमकुवत मुद्दा तर कोणीही झोडतो. योजनेला पैसे किती लागतील आणि ते कोठून येतील, हे त्याला विचारावे. आकडे बदलले तर मत बदलण्याची त्याची तयारी आहे का, तेही पाहावे. आणि शक्य असेल तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याचे भाषण छापील स्वरूपात वाचावे. गाजलेली कितीतरी भाषणे या कसोटीला उतरत नाहीत. टाळ्यांच्या जागा रिकाम्या दिसू लागतात आणि वाक्यांचे एकमेकांशी नाते नव्हते, हे तेव्हा उमगते. काही पडलेली भाषणे मात्र कागदावर उभी राहतात. आज ही कसोटी पूर्वीपेक्षा अधिक गरजेची झाली आहे, कारण ओघ आता विकत मिळतो. भाषण लिहून देणारे आहेत, समोरच्या काचेवर ओळी सरकवणारा टेलिप्रॉम्प्टर आहे, चुका कापून टाकणारे संकलक आहेत. जी वस्तू पैसे टाकून आणता येते, तिच्यावरून बुद्धीची पारख करणे हे टिळकांच्या काळी धोक्याचे होते. आता तर ते भोळेपणाचे आहे.

या साऱ्याचा कस जिथे रोज लागतो ती जागा विधानसभा नव्हे, ग्रामसभा आहे. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्यापर्यंत नेल्या. त्यामुळे ज्यांच्या घराण्यात कधी कोणी सभेत उभे राहिले नव्हते, अशा हजारो बायका सरपंच म्हणून ग्रामसभेपुढे उभ्या राहिल्या. पहिल्या सभेत त्यांचा आवाज फुटत नाही, पदर सारखा करण्यात दोन वाक्ये हरवतात, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, “बाई काय बोलतात ते त्यांनाच ठाऊक.” मग शेजारी बसलेला नवरा किंवा दीर बोलायला उठतो. त्याच्याकडे ओघ असतो. पण कोकणात पाऊस धो धो कोसळूनही एप्रिल-मेमध्ये वाडीवर टँकर का येतो, कोणती विहीर कधी आटते, नळयोजनेची टाकी बांधूनही पाणी वरच्या घरापर्यंत का चढत नाही, हे डोक्यावरून हंडे वाहणाऱ्या बाईला त्याच्याहून अधिक ठाऊक असते. ती हे सांगू लागली आणि मध्येच थांबली, तर सभेने काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. तिच्या थांबण्यावर निकाल द्यायचा, की पुढचा प्रश्न विचारून तिला वाक्य पुरे करू द्यायचे?

वक्तृत्वाची चिकित्सा करताना आपण नेहमी वक्त्याचीच चिकित्सा करतो. श्रोत्याची करीत नाही. वास्तविक भाषण हा दोघांचा व्यवहार आहे, आणि त्यातले निम्मे काम ऐकणाऱ्याचे आहे. ओघ कानाला आपोआप मिळतो. अन्वय लावून घ्यावा लागतो, त्याला थोडे श्रम पडतात. १९१६ साली दोन न्यायमूर्तींनी ते श्रम घेतले आणि साऱ्या भाषणांचा अर्थ साकल्याने लावला. ते त्यांचे काम होते, त्यासाठी त्यांना वेतन मिळत होते, हे खरे. आपल्याला वेतन मिळत नाही. पण निवडून देण्याचा अधिकार आपल्या हाती आहे, आणि तो वापरणाऱ्याला तेवढे श्रम चुकवता येणार नाहीत.